समोर मिळेल

एका शहराच्या टोकाला, जिथे पूर्वी वीटभट्टी होती तिथे, एक शॉपिंग सेंटर उभं राहिलं. नाव 'सुयोग'. समोरासमोर पाच-पाच गाळे आणि मध्ये फरशीचं अंगण. आजच्या मानाने अगदीच चिमुकलं. पण तोवर त्या उपनगरातल्या लोकांना साधी वही आणायलाही बस धरून शहरात जावं लागे. त्यांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

दहा गाळ्यांत दहा धंदे होते. एका ओळीत दिगंबरराव खटावकरांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. त्यांच्या बरोबर समोर सुलभाताई मणेरीकरांचं बटणं, दोरे, लेस आणि अस्तरांचं. बाकी किराणा, औषधं, चपला, भांडी असे जो तो आपापला माल विकत असे.

सेंटरचा एक रिवाज होता. तो कुणी कागदावर लिहून ठेवला नव्हता. आपल्याकडे नसलेली वस्तू कुणी मागितली की दुकानदार हात लांब करून म्हणायचा, "समोर मिळेल." आणि खरंच मिळायची. एका वस्तूसाठी आलेलं माणूस पिशवी भरून घरी जायचं. अशी बारा वर्षं सुखात गेली.

मग दिगंबररावांच्या डोक्यात किडा शिरला. एके दिवशी त्यांनी मोजलं, तर दुपारपर्यंत तेरा वेळा त्यांच्या तोंडून "समोर मिळेल" निघालं होतं. तेरा वेळा!

"म्हणजे मी दुकान उघडतो ते सुलभाताईंकडे गिऱ्हाइकं पाठवायला की काय?" जेवताना ते बायकोवर उखडले.

"अहो, त्यांच्याकडची माणसंही आपल्याकडे येतातच की," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"मी तर एकालाही 'समोर जा' म्हणताना ऐकलं नाही त्यांना."

खोटं नव्हतं ते. पण ऐकू न येणाऱ्या गोष्टीही घडत असतात, हे त्यांना कोण सांगणार? पुढच्याच आठवड्यात त्यांच्या काउंटरवर बटणांचे चार डबे आले.

सुलभाताईंनी समोरून पाहिलं. "दिगंबरराव, बटणं?"

"असू द्यावीत थोडी. तुमचं काय अडलं त्यात?"

आठ दिवसांनी सुलभाताईंच्या दुकानात वह्यांचा गठ्ठा दिसला. ते पाहून किराणावाल्याने चपला टांगल्या. चपलावाल्याने साबण मांडले. औषधवाल्याने दप्तरं आणली. हां हां म्हणता दहाही दुकानांत सगळं मिळू लागलं आणि धड काहीच मिळेना. वही असे, पण चौकटीची नसे. चपला असत, पण सहा नंबर नसे. बटणं होती, तीही दोनच रंगांची. लोकांना दाराशी एकच शब्द ऐकू येई, "संपलंय." आणि समोरच्या दुकानात ती वस्तू असल्याचं माहीत असलं, तरी कुणी हात लांब करून दाखवत नसे. शेवटी लोकांनी पुन्हा शहराची बस धरली.

एकेक शटर खाली येऊ लागलं. दिगंबरराव माशा मारत बसले. त्यांची बारा-तेरा वर्षं त्या गाळ्यात गेली होती आणि दुसरं कुठलंही काम त्यांना येत नव्हतं. गाळा गेला तर करायचं काय, या विचाराने त्यांची झोप उडाली.

एके सकाळी सुलभाताई दुकान कायमचं आवरून निघाल्या. जाताजाता अंगण ओलांडून त्यांच्याकडे आल्या.

"येते, दिगंबरराव. एक सांगू? बटणाचा रंग जुळवायला मला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात बायकांबरोबर आलेली पोरं तुमच्याकडे पळायची. पेन्सिली घ्यायची, रंगपेट्या घ्यायची. तुम्ही माझ्याकडे धाडलेली माणसं तेवढी मोजलीत. माझ्या दारातून तुमच्याकडे आलेली मोजायची राहून गेली."

दिगंबररावांना 'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. कदाचित त्या थांबल्याही असत्या. पण शब्द जिभेवर आले आणि तिथेच अडले. सुलभाताई गेल्या.

दोन दिवसांनी एक बाई दुकानात शिरल्या. आठवडाभरात आलेलं पहिलंच गिऱ्हाईक. दिगंबरराव धडपडत उठले.

बाईंनी पिशवीतून मोरपंखी कापडाचा तुकडा काढला. "याला जुळतील अशी चार बटणं द्या हो. नातीचं उद्या शाळेत गाणं आहे."

दिगंबररावांनी चारही डबे उपडे केले. पांढरी निघाली, लाल निघाली. मोरपंखी कुठून निघणार? तुकडा बाईंच्या हातात परत देताना बारा वर्षांच्या सवयीने त्यांचा हात आपोआप लांब झाला.

"समोर मिळेल."

बाईंनी वळून पाहिलं. समोर बंद शटर होतं आणि त्यावर पाटी, 'गाळा भाड्याने देणे आहे.'

"समोर कुठे हो?" त्यांनी विचारलं.

दिगंबररावांचे डोळे भरून आले. हात तसाच लांब राहिला. बाई तुकडा पिशवीत ठेवून बसस्टॉपकडे चालू लागल्या.

तात्पर्य: शेजाऱ्याचं दुकान चालतं म्हणूनच आपल्या दारात वर्दळ असते. त्याचं ओढून घ्यायला निघालेला माणूस शेवटी स्वतःचंच गमावतो. आणि 'चुकलं' हा शब्द वेळेवर उच्चारला नाही, तर तो ऐकायला समोर कुणी उरत नाही.