बंधाऱ्याचा चाळिसावा हिस्सा

तळखोऱ्याचा बंधारा फुटला आणि माझं शहाणपण उघडं पडलं!

मी बल्लाळपंत, पाच राज्यांचा सामायिक दिवाण. पाचही राज्यांत नाणं एकच चालायचं. एका राजानं उधळपट्टी केली की पाचांच्या नाण्याची किंमत उतरायची. म्हणून मी नियम केला: 'वर्षाचा खर्च वर्षाच्या उत्पन्नाहून जास्त नसावा, झाल्यास दंड.' एवढी एक ओळ लिहायला मला तीन वर्षं लागली, आणि पुढची तीन वर्षं मी ती लोकांना म्हणून दाखवत हिंडलो.

आता तळखोऱ्याचे राजे मल्लदेव सभेत हात जोडून उभे होते. "बंधाऱ्याला दोन वर्षांचं उत्पन्न लागेल. सामायिक खजिन्यातून उसनं द्या, आम्ही फेडू. पावसाळ्याआधी काम झालं नाही, तर बारा गावं वाहून जातील!"

पाचांत थोरले कीर्तिसेन महाराज, भलतेच हट्टी. ते गरजले, "बंधारा बांधा! पण नियमाचं अक्षर बदलायचं नाही आणि नियम मोडायचाही नाही! पंत, आठ दिवसांत मार्ग काढा, नाहीतर पगडी उतरवून ठेवा!"

सात दिवस मी डोकं खाजवलं. होते ते केस गेले, मार्ग काही सापडला नाही. आठव्या सकाळी भिवरा गवळण दारात आली. नुकतीच तिच्याकडून मी म्हैस घेतली होती.

"पंत, तोंड का उतरलंय?"

मी सगळं सांगितलं. ती पदराआड हसली. "मला सभेत न्या."

बुडत्याला काडीचा आधार! नेलं.

"महाराज," भिवरा म्हणाली, "आधी या दिवाणजींना दंड करा! यांचा वर्षाचा पगार साठ रुपये, आणि म्हैस घेतली ऐंशीची!"

"अगं, पण ती दहा वर्षं दूध देईल!" मी ओरडलो. "वर्षाला आठच रुपये पडले की!"

"ऐकलंत, महाराज? वैरण त्या त्या वर्षाची, म्हैस दहा वर्षांची. तसा बंधारा चाळीस वर्षांचा. त्याचा चाळिसावा हिस्सा तेवढा या वर्षाचा खर्च. बदललंय का एखादं अक्षर?"

सहा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. आणि बोललो होतो तर मीच!

महाराजांनी भुवई चढवली. "वा! उद्या एखादा राजा संगमरवरी महाल बांधेल आणि म्हणेल, ही माझी म्हैस!"

"म्हणू द्या की! आधी चारचौघांत महालाची धार काढून दाखवायची. तांब्याभर दूध निघालं, तर पाडू हिस्से. नाहीतर सगळी किंमत त्याच वर्षी!"

महाराज इतके हसले की गादीवरून घसरले. "भिवरे, मीच महालाचा नकाशा काढून बसलो होतो गं!"

बंधाऱ्यासाठी खजिना उघडला. भिवराला नदीकाठचं कुरण मिळालं, आणि कुठला खर्च किती वर्षांचा धरायचा हे ठरवण्याचा मान. महाराज मलाही विसरले नाहीत. तिचा कारकून नेमलं!