संकल्पातला अमुक

“…आणि या मौनाला साक्षी कोण?”

“ही नदी, हा सूर्य आणि आपण, महाराज,” मार्तंडशास्त्री म्हणाले.

संगमावरच्या मठाचे अच्युतस्वामी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. पाय पाण्यात, हातात तांब्याची झारी.

त्यांच्यासमोर कमरेइतक्या पाण्यात मार्तंडशास्त्री उभे होते. पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा वेदपाठी नव्हता. मंत्रांची पदे सरळ, उलट, पुन्हा सरळ अशी गुंफून ते म्हणू लागले की गाभारा भरून जाई, आणि ऐकणाऱ्याला वाटे, हा आवाज माणसाचा नव्हे.

तो आवाज आज थांबणार होता. बारा वर्षांचे मौन. तळहातावर पाणी घ्यायचे, संकल्प उच्चारायचा, पाणी नदीत सोडायचे… त्यानंतर एक तप शब्द नाही.

वरच्या पायऱ्यांवर गाव लोटले होते. गावचे नागेशराव कुलकर्णी शास्त्रीबुवांच्या खांद्यावर घालायची शाल हातांवर धरून उभे होते.

“असा निग्रह कोणाला साधतो?” ते शेजाऱ्याला म्हणाले. “आमची मंडळी घटकाभर गप्प बसत नाही.”

“ऐकते आहे मी,” मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. “गप्प बसायला समोरचा आधी थांबावा लागतो.”

लोक हसले. स्वामीही हसले. मग त्यांनी झारी कलती केली. शास्त्रीबुवांच्या उजव्या तळहातावर पाणी आले.

“म्हणा.”

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. देश, काल, नदी, संवत्सर, तिथी, नक्षत्र… एकेक पद घासून लख्ख केलेल्या समईसारखे बाहेर येत होते.

“…अमुकगोत्रोत्पन्नः अमुकशर्मा अहम्…”

पायऱ्यांवर कोणीतरी फिसकन हसले.

“अहो शास्त्रीबुवा!” नागेशरावांना राहवले नाही. “अमुक काय? तिथे आपले नाव घालायचे!”

शास्त्रीबुवांनी डोळे उघडले. चेहरा उतरला होता. पाठशाळेत मुलांना हा संकल्प शिकवताना नावाच्या जागी ‘अमुक’ असेच शिकवतात. ज्याचा संकल्प असेल, त्याने तिथे स्वतःला ठेवायचे. आयुष्यभर मुलांकडून घोकून घेतलेले आज आपल्याच जिभेवर आले होते.

“चुकले, महाराज. सवयीने आले. पुन्हा म्हणतो.”

स्वामींनी झारी खाली ठेवली. दोन्ही हात जोडले. मस्तक लववले.

“महाराज… हे काय?”

“तुम्ही ज्या ‘अमुक’ला बोलावलेत, त्याला नमस्कार केला.”

“मी कोणालाच बोलावले नाही. ती चूक होती.”

“मग बोलवा ज्याला बोलवायचे त्याला.”

“भारद्वाज गोत्र. नाव मार्तंड.”

“गोत्र ऋषींनी दिले. नाव वडिलांनी दिले. हे मौन कोणी दिले?”

“ते माझे आहे.”

“तुमचे?”

“माझेच.”

“मग त्याला तुमचे नाव का सापडेना?”

तळहातावरचे पाणी बोटांच्या फटींतून कधीच निघून गेले होते. स्वामींनी पुन्हा झारी कलती केली.

“मौन कशासाठी?”

“आत्मलाभासाठी.”

“हे पोथीने सांगितले. आता तुम्ही सांगा.”

“वाणी… वाणी शुद्ध व्हावी म्हणून.”

“वाणी अशुद्ध झाली आहे?”

शास्त्रीबुवांचे ओठ हलले.

“कसली अशुद्ध, महाराज!” नागेशराव वरून उत्साहाने म्हणाले. “गेल्या उत्सवात रुद्र म्हटला, तेव्हा भावावेशात एक मंत्र दोनदा आला. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. अजून आठवतो मला!”

शास्त्रीबुवांनी वर पाहिले नाही.

“दोनदा…” स्वामी हळूच म्हणाले.

नदी वाहत होती.

“भावावेश नव्हता तो,” शास्त्रीबुवा म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मागच्या पायऱ्यांवरची माणसे पुढे झुकली. “पुढचा मंत्र आठवला नाही, महाराज. तेव्हा मागचाच वरच्या स्वरात म्हटला. तेवढ्या अवधीत पुढचा सापडला. लोकांनी माना डोलावल्या.”

“आणि मग?”

“मग रोजच… कुठेतरी रिकामे होते. काल एका ठिकाणी, आज दुसऱ्या. मुलांना शिकवताना त्यांच्याकडूनच पुढचे पद काढून घेतो आणि ‘शाबास’ म्हणतो. येत्या उत्सवात पुन्हा सभेत बसायचे आहे. मौन घेतले तर…”

“तर?”

“कोणाला कळणार नाही.”

नागेशरावांच्या हातांवरची शाल हळूहळू खाली आली. त्यांची पत्नी पदर ओठांशी धरून उभी होती. आता कोणी हसत नव्हते.

अच्युतस्वामी उठले. वस्त्रांसकट पाण्यात उतरले आणि शास्त्रीबुवांच्या समोर येऊन उभे राहिले.

“बाळ,” ते म्हणाले.

शास्त्रीबुवांचे केस पांढरे झाले होते. त्यांना या नावाने हाक मारणारे आता जगात कोणी उरले नव्हते.

“भीती वाटते?”

“फार.”

“विसरण्याची?”

“नाही… ते सगळे गेल्यावर जो उरेल, त्याची. त्याला मी कधी पाहिलेले नाही.”

स्वामींचे डोळे भरून आले.

“म्हण,” मग ते म्हणाले.

“संकल्प?”

“रुद्र. जिथे थांबेल, तिथे थांब. मागे फिरू नकोस.”

“इतक्या लोकांसमोर?”

स्वामींनी होकारार्थी मान हलवली.

शास्त्रीबुवांनी एकदा घाटाकडे पाहिले. मग सुरुवात केली. आवाज प्रथम कापरा होता. दुसऱ्या मंत्राला तो स्थिरावला. तिसऱ्याला त्यात तो जुना भार आला, ज्याने गाभारा भरून जात असे. पण आज गाभारा नव्हता, भिंती नव्हत्या. आवाज पाण्यावरून पलीकडच्या तीरापर्यंत जात होता, आणि त्याला परत पाठवणारे तिथे काही नव्हते.

रुद्राचे भाग, अनुवाकामागून अनुवाक, म्हणून झाले.

…आणि एका पदाशी आवाज थांबला.

मागचा मंत्र जिभेवर तयार होता. तो वरच्या स्वरात उचलला असता तर लोकांनी आजही माना डोलावल्या असत्या.

त्यांनी उचलला नाही.

ओठ तसेच उघडे राहिले. घाट निःशब्द झाला. अभिषेकाआधी देवाची वस्त्रे उतरवली की क्षणभर नुसता पाषाण समोर असतो. ना मुकुट, ना डोळे, ना अलंकार. जन्मभर पूजा केलेल्या पुजाऱ्याचाही हात त्या क्षणी अडतो. तसे काहीतरी त्या शांततेत सर्वांसमोर उभे होते. नागेशरावांनी पायातले जोडे काढून ठेवले. का काढले, ते त्यांना नंतरही सांगता आले नाही. त्यांच्या पत्नीने तिथेच पायरीवर डोके टेकले.

किती वेळ गेला, कोणी मोजला नाही.

“महाराज,” शास्त्रीबुवा म्हणाले. चेहरा ओला होता, पण आवाज कापत नव्हता. “इथून पुढे मला काही येत नाही.”

अच्युतस्वामींनी आपला ओला तळवा त्यांच्या छातीवर ठेवला.

“सगळे गेल्यावर उरला, तो हा तू आहेस,” ते म्हणाले. “आता सांग… लपायला जायचे कुठे?”