योहानबाबांची कवेलू

सावलीत या जी, उन्हात उभं राहू नका. इथं येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. चर्च एवढं उंच, दगडी, अन् त्याच्या डोक्यावर पत्र्याच्या टिना. शाळा ही अशी बसकी, अन् तिच्यावर जाडजूड, देखणी कवेलू, मातीची कौलं. हे असं उलटं काहून? वर बघा, एकेका कवेलूवर बोटानं ओढलेला क्रूस आहे. ते बोट योहानबाबांचं. माझ्या आजीनं मला सांगितलं तेच सांगते. सांगताना माझा आवाज चढतो, तेवढं सांभाळून घ्या.

तेव्हा आमची लुथरन मंडळी नवी होती म्हणे. समुद्रापलीकडून आलेल्या साहेबांनी आधी शाळा काढली, कारण देवाचं वचन ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी वाचावं हा त्यांचा हट्ट. चर्चच्या भिंती मागून उठल्या अन् काम तिथंच थटलं. योहानबाबा मातीकाम करणारे. त्यांनी भर मंडळीत नवस बोलला, की माझ्या हातची कवेलू चढवीन अन् त्यांच्याखालीच प्रभुभोजन घेईन, तोवर ती भाकर नाही की तो द्राक्षारस नाही. पाळकसाहेबांनी समजावलं, बाबा, कृपा फुकट मिळते, तिला नवस लागत नाही. बाबा म्हणाले, "फुकट हाय ते ठाऊक हाय मले. पण हात ऐकत नाहीत, त्याले काय करू?"

मग काय, वर्षानुवर्षं तो माणूस माती तुडवत राहिला. सगळे प्रभुभोजनाला पुढं जात, बाबा हात जोडून मागं बसत. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तरी चाचपून कवेलू थापत. शेवटी एका वर्षी छप्पर पुरं झालं. ईस्टरला पहिलं प्रभुभोजन ठरलं. बाबांनी नवं धोतर काढून ठेवलं होतं म्हणे.

अन् त्याच्या आधीच्या शुभ शुक्रवारी, सगळं गाव उपासनेला चर्चमध्ये असताना, गारपीट झाली. असं झोडपलं की प्रार्थनेचा शब्द ऐकू येईना. बाबांच्या कवेलूंतून थेंब गळला नाही. सगळे वर बघून बाबांकडे बघत होते. पाऊस थांबला, बाहेर आले, तर शाळेच्या छपराचे नुसते वासे उरलेले. जुनी पातळ कवेलू, त्यांचा भुगा झाला होता.

मास्तरीण दीनाबाई त्या भुग्यातून धड कवेलू वेचू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा तपासनीस येणार होते. गेल्या खेपेलाच ते बजावून गेले होते, छप्पर धड नसेल तर शाळा बंद. दुसरी शाळा नदीपार, अन् तिथं आमच्या लेकरांना ओसरीवरही चढू देत नसत. दीनाबाईंनी चर्चच्या छपराकडे पाहिलं. बोलायची हिंमत त्यांची होईना, पण सगळ्यांना कळलं. बाबांना दिसत नव्हतं, तरी त्यांनाही कळलं. ते चर्चच्या दारात काठी आडवी धरून बसले. म्हणाले, "मी मेल्यावर काढा."

कोण पुढं होणार सांगा. तेवढ्यात बाबांची नात तबिथा भिजलेलं पुस्तक छातीशी धरून आली अन् भोकाड पसरलं. "आबा, माझी जोडाक्षरं राहिली नं! आता कोण शिकवन?" रोज संध्याकाळी तीच बाबांना वचन वाचून दाखवायची. बाबांना स्वतःला एक अक्षर येत नव्हतं.

बाबांनी काठी खाली ठेवली. मग पाळकांना हाक मारली. "साहेब, नवस मी भिंतींचा बोललो का कवेलूंचा?"

"कवेलूंचा बोललात, बाबा."

"मंग कवेलू जिथं जातीन तिथं प्रभुभोजनाचं टेबल मांडा. शिडी आणा."

काय सांगू तुम्हाला, ती संध्याकाळ बघायला मी असायला हवी होते. चर्चपासून शाळेपर्यंत माणसांची रांग लागली. बाया, पोरं, खुद्द पाळक अंगरखा खोचून, अन् या हातातून त्या हातात कवेलू. बाबा रांगेच्या मधोमध उभे. प्रत्येक कवेलूवरचा क्रूस चाचपायचे अन् पुढं द्यायचे. रडत होते, पण हात थांबले नाहीत. दिवेलागणीला चर्च उघडं झालं होतं अन् शाळा झाकली होती. सकाळी तपासनीस आले, वर बघितलं, मान डोलावली अन् गेले. शाळा वाचली.

चर्चवर पुढं टिना आल्या. कवेलू परत नेऊ, असं कोणी म्हटलं की बाबाच रागवायचे.

ईस्टरला शाळेच्या खोलीत टेबल मांडलं. पाळकांनी पुनरुत्थानाचा भाग वाचायला पुस्तक उघडलं, तसा बाबांनी हात वर केला. "तुमी नका जी. तिले वाचू द्या." तबिथा वाचू लागली अन् दुसऱ्याच ओळीत अडली. पाळक शब्द सांगायला वाकले, तर बाबा म्हणाले, "थांबा. तिले लागू द्या." सगळी मंडळी श्वास धरून थांबली. शब्द लागला, पोर पुढं गेली. मग बाबांनी भाकर घेतली.

आजही ईस्टरचं प्रभुभोजन या शाळेतच होतं, अन् वचन वाचतं ते नुकतं वाचायला लागलेलं लेकरू. ते कितीही वेळ अडकून राहू द्या, उपासना लांबू द्या, घरी चुलीवरचं करपू द्या. आमच्यात पुढचा शब्द कोणी सांगत नाही.