अडलं तर काय करायचं?

एका गावात एक भोळा हैबती होता. भोळा इतका, की सांगितलेलं सोडून दुसरं काही तो करत नसे. एकदा बायको म्हणाली, "अहो, दुधावर लक्ष ठेवा." त्याने ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. हैबतीची नजर काही हलली नाही.

त्याच गावात नर्मदाबाई नावाच्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका राहत. त्यांनी यंत्रांना हुकूम द्यायची एक भाषा तयार केली होती, साध्या मराठीत. पाण्याचा पंप, शाळेची घंटा, डेअरीतला काटा, सगळं त्या भाषेवर चाले. चौदा वर्षं बाई त्यापायी खपल्या होत्या. भाषा ठेवलेली होती ग्रामपंचायतीच्या संगणकात, आणि फक्त तिथेच. गावाची भाषा गावात राहावी, हा बाईंचाच हट्ट.

भाषेतलं प्रत्येक वाक्य बाई आधी हैबतीला सांगत. त्याने घोळ घातला की वाक्य बदलत. "हैबतीला कळलं की यंत्राला कळतं," असं त्या म्हणत. हैबतीला याचा मोठा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर गावात एवढं महत्त्वाचं काम दुसऱ्या कुणाकडे नव्हतंच.

बाईंच्या भाषेचा एक नियम पक्का होता. अडलं की थांब, आणि मोठ्यानं ओरड. टाकीतला पाणी मोजणारा फुगा जुना झालेला, आठवड्यातून तीनदा अडके. अडकला की पंप थांबे आणि पंचायतीवरचा भोंगा बोंब मारी. लोक कानावर हात ठेवत, बाईंना नावं ठेवत आणि फुगा सोडवून येत. पण पाणी वाया जात नसे. उन्हाळ्यात गावाला तेवढंच पाणी होतं.

पुढे भाषेचं नाव झालं आणि दोन कंपन्या गावात आल्या. एक पुण्याची, एक मुंबईची. दोघींचं म्हणणं एकच. बाईंची भाषा छान आहे, तिची आम्ही आमची आवृत्ती काढतो.

"एका भाषेच्या तीन झाल्या, तर पंपानं ऐकायचं कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"स्पर्धा असली की भाषा सुधारते, मॅडम," पुण्याचे साहेब म्हणाले.

"आणि तुमच्यानंतर ती सांभाळणार कोण?" मुंबईचे साहेब म्हणाले.

हे मात्र बाईंना लागलं. वय झालं होतं एकाहत्तर. 

सरपंच दगडूअण्णांनी तोडगा काढला. "दोघांच्या आवृत्त्या संगणकात घालून ठेवा. आठ दिवस पारखू. मग ग्रामसभा ठरवील, तिन्ही ठेवायच्या की एक." पारखायचं कुणावर, हे विचारायची गरजच पडली नाही. हैबती समोर उभाच होता.

पुण्याच्या साहेबांनी त्याला शिकवलं, "आमच्या आवृत्तीत अडलं तरी ओरडायचं नाही. गिऱ्हाईक घाबरतं. गुपचूप पुढं जायचं."

"बरं," हैबती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सायकलला दोन कॅन लावून डेअरीकडे निघाला. वाटेत एका कॅनचं झाकण उडालं. हैबती गुपचूप पुढं गेला. मग दुसऱ्याचं उडालं. तो आणखी गुपचूप झाला. डेअरीत त्याने दोन रिकामे कॅन काट्यावर ठेवले आणि ऐटीत उभा राहिला.

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, सांडलं तर मागं फिरायचं की नाही?"

ते ऐकून मुंबईचे साहेब खूश झाले. "वहिनी बरोबर बोलल्या. आमच्या आवृत्तीत अडलं की मागं फिरायचं आणि सगळं पहिल्यापासून करायचं."

"बरं," हैबती म्हणाला.

त्या दिवशी गावात लग्न होतं. हैबती पंगतीत वाढायला उभा राहिला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर झाली. वरणभात निम्म्या पंगतीत संपला. म्हणजे अडलं. हैबती मागं फिरला आणि पहिल्या पानापासून मीठ वाढू लागला. भात पुन्हा आला, पुन्हा संपला, पुन्हा मीठ. नवऱ्या मुलाच्या मामांच्या पानावर मिठाचे चार ढीग झाले, आणि टोकाला बसलेली माणसं रिकाम्या पानाकडे बघत राहिली.

वधूपिता धावत आला. "अरे शहाण्या, संपलं तर तिथंच थांबून ओरडायचं! बाईंनी हेच शिकवलंय ना तुला?"

"बरं," हैबती म्हणाला.

रात्री देवळात कीर्तन होतं. ऐन रंगात बुवांना ठसका लागला. हैबती ताडकन उठला आणि ओरडला, "अडलं! अडलं! अडलं!" बाया पोरं उचलून बाहेर पळाल्या. पेटीवाला पेटी घेऊन पळाला. देवळात उरले बुवा, हैबती आणि देव.

बुवा पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "बाबा रे, माणसं जमलेली असताना अडलं, तर ओरडू नये. गुपचूप पुढं चालावं."

"बरं," हैबती म्हणाला.

आठव्या दिवशी टाकीशेजारी मांडव घालून ग्रामसभा भरली. दोन्ही साहेब छान बोलले. पण लोकांच्या डोळ्यांपुढे मीठ होतं आणि दूध होतं. सगळे हात बाईंच्या बाजूने वर गेले. बाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"ठरलं!" दगडूअण्णा गरजले. "भाषा एकच! हैबती, आत जा. एक ठेव, बाकीच्या दोन पुसून टाक, आणि पंप चालू कर. आज सगळ्यांसमोर टाकी भरू."

हैबती आत गेला. पडद्यावर तीन नावं एकाखाली एक होती. पुण्याच्या साहेबांनी आपलं सर्वांत वर घातलं होतं. एक ठेवायची, ती कोणती? अण्णांनी सांगितलं नव्हतं. हैबती अडला. ओरडायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीतून मांडव दिसला. बाईंना हार घातला जात होता. केवढी माणसं जमली होती! त्याने तोंड मिटलं आणि गुपचूप पुढचं काम केलं.

पंप सुरू झाला.  भाषणं सुरू झाली. फुगा नेहमीसारखा अडकला, पण भोंगा हूं की चूं करेना.

"बघा, कशी शहाण्यासारखी चाललीय आपली भाषा!" दगडूअण्णा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी सतरंजी भिजली. मग चपला तरंगत निघाल्या. टाकीवरून पाणी धो धो कोसळत होतं आणि गावाचं आठवड्याचं पाणी ओढ्याला मिळत होतं.

"हैबत्या!" अण्णा ओरडले. "भाषा पुसल्यास का?"

"पुसल्या की. दोन्ही."

"कोणत्या दोन्ही?"

"वरची ठेवली. खालच्या पुसल्या."

बाई मटकन खुर्चीत बसल्या.  "अरे... कळलं नाही, तर ओरडायचं होतंस ना रे!"

"ओरडणारच होतो, बाई," हैबती हळूच म्हणाला. "पण तुमचा सत्कार चालला होता."