हाजराबीनं न गाळलेलं नाव

फार वर्षांपूर्वी दर्यावर हुकूम चालायचा तो वाऱ्याचा. माणसानं नुसतं शीड बांधून वाट बघायची. पावसाळ्यात दर्या बंद झाला की अरबस्तानातून आलेली गलबतं खारखोलच्या खाडीत ओढून ठेवत आणि वारा फिरेपर्यंत त्यांवरचे खलाशी गावातच मुक्काम ठोकत. कुणी दोर वळायचं, कुणी गलबताला माशाचं तेल चोपडायचं, आणि उरलेला सगळा वेळ ही माणसं कविता म्हणत बसायची. हो, कविता! अरब खलाशाच्या पेटीत जास्तीचा सदरा नसेल, पण डोक्यात शेकड्यानं कविता असायच्या, असं म्हणतात.

आता हे 'असं म्हणतात' खारखोलच्या वेशीबाहेर आहोत तोवरच म्हणून घ्यावं. गावात म्हटलंत तर शेंबडं पोरसुद्धा कंबरेवर हात ठेवून विचारील, "कोण म्हणतं?" ही खोड गावाला लावली हाजराबीनं, आणि ही गोष्ट तिचीच आहे.

हाजराबी दाऊद नाखव्याची एकुलती एक लेक. नाखवा म्हणजे गलबताचा मालक आणि दर्यावरचा राजा. आई लहानपणीच गेली, तेव्हा पोरीला कुणाकडे ठेवायची म्हणून दाऊदनं तिला गलबतावरच वाढवली. तिनं मस्कत पाहिलं, एडन पाहिलं, बसऱ्याच्या बाजारातले पंडित भांडताना पाहिले. बाकीच्या पोरी सागरगोटे खेळायच्या त्या वयात ही अरबी क्रियापदांची रूपं बोटांवर खेळवायची. मोठी झाली तसा दाऊद म्हणाला, "पोरी, आता घर बघ." ती म्हणाली, "बघते बाबा. पण मग अरबस्तान माझ्या अंगणात यायला हवं."

आणि आलं की! खाडीच्या काठावर उंडीचं मोठं झाड होतं, त्याखाली तिनं चटई टाकली. पावसाची उघडीप मिळाली की खलाशी तिथे जमायचे. कुणी कविता म्हटली की ती आधी शांतपणे ऐकून घ्यायची. मग शब्द सोलायला बसायची. हा शब्द कुठल्या टोळीचा, हे वळण शहरातलं की वाळवंटातलं, ही ओळ मागाहून कुणी चिकटवली आहे का, सगळं बघायची. आणि शेवटी तिचा तो प्रश्न यायचाच. "कुणाकडून ऐकलीस?"

कारण अरबी विद्येत जुनी रीत आहे. कविता नुसती म्हणायची नाही. ती मी अमक्याकडून ऐकली, त्यानं तमक्याकडून, अशी नावांची साखळी रचणाऱ्यापर्यंत नेऊन भिडवायची आणि मगच पहिली ओळ तोंडातून काढायची. पंडितसुद्धा घाईत दोन कड्या गाळतात, पण हाजराबी गाळायची नाही. एखादा खलाशी म्हणाला, "नाव आठवत नाही," तर ती त्याला चहूकडून टोचून बेजार करायची आणि वारा फिरला की त्याला निरोप देताना सांगायची, "नाव घेऊन ये. नुसती कविता आणशील तर चटईवर बसू देणार नाही." आणि ते दांडगे दर्यावर्दी, वादळाला न भिणारे, पुढच्या हंगामात निमूटपणे नाव घेऊन यायचे. एकदा एक गलबत बुडालं. बुडता बुडता त्यावरच्या खलाशानं सोबत्याला घरचा निरोप दिला नाही, ओरडून एक नाव दिलं आणि म्हणाला, हे खारखोलला पोचव. असं म्हणतात.

अशी वर्षं गेली. दाऊद गेला, हाजराबीचे केस पांढरे झाले आणि कविता न् साखळ्या ती जिच्यात उतरवून ठेवायची ती किताब एवढी जाड झाली की ती उचलायला दोन माणसं लागायची.

मग एका पावसाळ्यात रेहान आला. हा येमेनचा म्हातारा, सुकाणू धरणारा. स्वभावानं अबोल. सगळ्यांच्या कविता म्हणून झाल्यावर यानं चार ओळी म्हटल्या:

*दोरानं तळहातावर रेघा ओढल्या, माझं नशीब तेवढंच लिहिलेलं.*
*तुमचे उंट पिऊन तृप्त झाले, माझी सावलीसुद्धा तहानलेली.*
*विकलंत मला, घागरीसकट विकलंत;*
*पण गाणं कुठे ठेवलंय ते घेणाऱ्याला कळलंच नाही.*

हाजराबी ताठ बसली. या ओळी तिला पाठ होत्या. साऱ्या मुलखाला पाठ होत्या! खाडीच्या तोंडावर नवाब सरफराजखानाचा किल्ला होता आणि त्याच्या दरवाजावर याच ओळी दगडात कोरलेल्या होत्या. खाली नाव होतं नवाबाच्या पणजोबांचं. घराणं अरबस्तानातून आलेलं, पणजोबा मोठे कवी, असा त्यांचा तोरा. आता घोड्यावरून कधी न उतरलेल्या त्या माणसाच्या तळहाताला दोर कसा लागला, हे कुणी विचारायचं नाही. किल्ल्यातले मौलाना वजीहुद्दीन समजावून सांगायचे की दोर म्हणजे प्रियेचे केस, तहान म्हणजे प्रेम आणि विकलं जाणं म्हणजे प्रेमात विकलं जाणं. लोक माना डोलवायचे.

"कुणाकडून ऐकलीस?" हाजराबीनं विचारलं.

"आईकडून," रेहान म्हणाला. "सलमा तिचं नाव. तिनं ऐकली जाबिर उंटवाल्याकडून. त्यानं त्याच्या आजीकडून, लुबनाकडून. आणि लुबनाला सुआदनं सांगितली, विकली गेली त्या दिवशी, विहिरीच्या काठावर बसून. सुआदनंच रचली. गुलाम होती ती, पाणी ओढायची. एका व्यापाऱ्यानं तिला विकत घेतलं आणि तिला घेऊन तो दर्यापार निघून गेला."

व्यापाऱ्याचं नाव रेहाननं सांगितलं, आणि ते किल्ल्याच्या दरवाजावरचंच होतं.

दुसरी कुणी असती तर तिथेच बोंब ठोकती. हाजराबीनं तसं केलं नाही. एका तोंडावर ती कधीच विसंबली नाही. तिनं एडनच्या खलाशाला विचारायला सांगितलं, मस्कतच्याला सांगितलं, झांझिबारच्याला सांगितलं. एकमेकांना न ओळखणारी ही माणसं वेगवेगळ्या वाऱ्यांवर गेली आणि वेगवेगळ्या साखळ्या घेऊन परतली. प्रत्येक साखळीच्या टोकाला एकच नाव होतं. सुआद. तेव्हा कुठे हाजराबीनं ते किताबीत लिहिलं.

बातमी किल्ल्यात पोचायला वेळ लागला नाही. मौलाना वजीहुद्दीन स्वतः होडीतून आले, उंडीखाली बसले, शरबत प्यायले. माणूस वाईट नव्हता, पण नवाबाचं मीठ खाऊन त्याची जीभ जड झाली होती.

"हाजराबी," ते म्हणाले, "हुजूर तुमच्या विद्येवर खूश आहेत. तुमची किताब सोन्याच्या शाईनं उतरवून घेणार, कैरोला, दमास्कसला पाठवणार. येत्या शुक्रवारी अरब व्यापाऱ्यांचा मेळा आहे. तुम्ही फक्त दरवाजासमोर उभं राहून ती कविता म्हणायची, हुजुरांच्या पणजोबांच्या नावानं."

"आणि सुआद?"

"एका गुलाम बाईचं नाव! गाळलं तर असं काय बिघडतं? नाही म्हणालात तर किताबही जाईल आणि तुम्हीही जाल."

खोटं कशाला बोलायचं, हाजराबीला मोह झाला. सारं आयुष्य तिनं त्या किताबीत ओतलं होतं. आपण बसऱ्याला जे पंडित पाहिले, त्यांच्या नातवांनी ती उघडून वाचावी, एवढीच एक हाव तिनं जन्मभर जपली होती. त्या रात्री तिला झोप आली नसावी. सकाळी चांगुणा कोळीण नेहमीसारखी मासळी घेऊन आली, तर हाजराबी किताब पुढ्यात उघडून बसलेली.

"अगो बाय, म्हणून टाक त्या मेल्याच्या मनासारखं," चांगुणा म्हणाली. "एक नाव ते काय! ती सुआद थोडीच येणाराय बघायला?"

"ती येणार नाही, म्हणून तर," हाजराबी म्हणाली. "चांगुणे, तिचं घर गेलं, माणसं गेली, हात सोलवटले. सगळं गेल्यावर तिच्यापाशी एवढी एकच वस्तू राहिली, आणि तीसुद्धा विकत घेणाऱ्यानं स्वतःच्या नावावर केली. आता मीही त्याच्या बाजूनं उभी राहू? मग मी जन्मभर खलाशांना नावं विचारली ती कशाला?"

चांगुणा म्हणाली, "बरं. ती नावं सांग बघू मला. लक्षात राहतात का बघते." आणि टोपली बाजूला ठेवून ती चटईवर बसली.

शुक्रवारी किल्ल्यासमोर माणूस मावत नव्हतं. अरब व्यापारी गालिच्यांवर बसले होते, वर सज्जात नवाब होता. आणि तिथे मौलानांची एक चूक झाली, अशी की जी पंडितच करू शकतो. पाहुण्यांसमोर आपल्या दरबाराची रीत दाखवायची म्हणून ते मोठ्यानं म्हणाले, "हाजराबी, आधी साखळी सांगा, मग कविता."

हाजराबीनं पदर सावरला. "सांगते. ही कविता मी, दाऊद नाखव्याची लेक हाजरा, हिनं ऐकली रेहानकडून. त्यानं त्याच्या आईकडून, सलमाकडून. तिनं जाबिर उंटवाल्याकडून. जाबिरनं लुबनाकडून. लुबनानं सुआदकडून, जी विहिरीवर पाणी ओढायची आणि जिला या दरवाजावर ज्याचं नाव आहे त्यानं विकत घेतलं होतं. त्यानं ती विकत घेतली. रचली नाही." आणि मग तिनं त्या चार ओळी अशा म्हटल्या की गालिच्यांवरचे व्यापारी उठून उभे राहिले.

नवाबाचा चेहरा उतरला. माफी माग म्हणाला, नाव बदल म्हणाला. हाजराबी म्हणाली, "हुजूर, तुम्ही नवी साखळी आणा. एक जरी खरी कडी दाखवलीत तर मी माझी किताब माझ्या हातानं फाडीन." नवाबापाशी कडी कुठली असायला? त्याच्यापाशी शिपाई होते.

शिपायांनी तिला होडीत बसवलं. होडीला ना शीड, ना वल्हं. तिची जाडजूड किताब तिच्या पायाशी टाकली आणि ऐन ओहोटीला होडी दर्यात ढकलून दिली. हाजराबी रडली नाही, की तिनं मागे वळून हातही जोडले नाहीत. ती होडीत उभी राहिली आणि साखळी म्हणू लागली. आता आवाजाचा नियम असा की माणूस लांब गेला की तो बारीक होतो. हाजराबीचा आवाज होडी लांब गेली तसा मोठा होत गेला. होडी ठिपक्याएवढी झाली तरी किल्ल्याच्या भिंतींवर नावं आदळत होती. सलमा. जाबिर. लुबना. सुआद. सज्जातल्या नवाबानं कान झाकले, तरी त्याला ऐकू येत होतं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. ती नावं जो उच्चारेल त्याचीही रवानगी होडीत. दवंडीवाल्याची थाप विरते न विरते तोच किल्ल्याच्या दरवाजात चांगुणा कोळीण टोपली घेऊन उभी राहिली. रोज ती ओरडायची, "बोंबील घ्या, बांगडा घ्या!" त्या दिवशी तिनं कमरेला हात लावला आणि आरोळी ठोकली, "मी चांगुणा! मी ऐकलं हाजराबीकडून! हाजराबीनं रेहानकडून!" तिच्यामागे तिची जाऊ होती, तिच्यामागे सगळा कोळवाडा, त्यामागे मोहल्ल्यातल्या बाया, सुतार, तेली. अरबीचा एक शब्द न कळणारी माणसं ती सारी, पण एकानंही एक नाव चुकवलं नाही. शिपायांनी नवाबाकडे पाहिलं. नवाबानं हिशेब केला असावा. एवढ्या होड्या आणायच्या कुठून, आणि उद्या किल्ल्याला मासळी कोण देणार? तो सज्जातून आत निघून गेला.

पुढे खाऱ्या वाऱ्यानं दरवाजावरचा दगड झिजायला लागला. दगड झिजतो, त्यात नवल नाही. पण चारही ओळी जशाच्या तशा राहिल्या, आणि खालचं नाव तेवढं गेलं. नवाबानं ते पुन्हा कोरून घेतलं, वाऱ्यानं पुन्हा खाल्लं. शेवटी पाथरवटच म्हणाला, "हुजूर, दगड आता हे नाव धरत नाही."

हाजराबीचं पुढे काय झालं? कुणी म्हणतात, होडी थेट येमेनला लागली आणि सुआदच्या विहिरीवर तिनं पाणी प्यायलं. ऐकायला किती बरं वाटतं! पण खारखोलची माणसं ही गोष्ट सांगत नाहीत. कुणी त्यांच्यापुढे सांगितली तर विचारतात, "कोण म्हणतं?" याला उत्तर नाही, साखळी नाही. म्हणून त्यांचा जीव कितीही तुटला तरी ते हे खरं धरत नाहीत. हाजराबीशी बेइमानी करून हाजराबीला वाचवायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं आहे.

तिची कबर नाही, तेव्हा चादर नाही, उरूस नाही. वर्षातून एकदा, ओहोटीच्या वेळी, सारं खारखोल त्या मोडक्या किल्ल्याच्या दरवाजात जमतं. मोहल्ला येतो, कोळवाडा येतो, मुंबईला गेलेली पोरं सुट्टी काढून येतात. त्या वर्षी गावात जे मूल नीट बोलायला लागलं असेल त्याला पुढे उभं करतात, आणि ते आपल्या नावापासून सुरुवात करतं. मी ऐकलं आईकडून, आईनं आजीकडून, अशी एकेक कडी मागे जात जात चांगुणापाशी येते, मग हाजराबीपाशी, मग दर्या ओलांडून पलीकडे. कविता चारच ओळींची, पण नावांना दुपार सरते. ऊन लागतं, मुलं पेंगतात, तरी कुणी एक नाव गाळत नाही.

आणि मूल शेवटच्या नावाशी पोचलं की गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्याला दरडावून विचारते, "आणि सुआदनं कुणाकडून ऐकलं?"

तेव्हा सगळं गाव किल्ल्याकडे तोंड करून एका आवाजात ओरडतं, "तिनं ऐकलं नाही! तिनं रचलं!"