दोन्हीकडे लागणारी शाल्मली

एका तालुक्याच्या गावात एक भोळी आई राहत होती. नाव शाल्मली. चांगली एम.कॉम. शिकलेली, पण शिक्षणाने तिच्या भोळेपणाला जराही धक्का लावला नव्हता.

ती बियाण्यांच्या कंपनीत पत्रव्यवहार बघायची. घरी तान्ही लेक, रेवा. तिला सोडून ऑफिसला जायचं म्हटलं की शाल्मली उंबऱ्यावरून चारदा परत फिरायची. शेवटी राजवाडे साहेब म्हणाले, "बाई, आठवडाभर घरून काम जमवून दाखवा. जमलं तर कायमचं घरून करा. कंपनीचे मेल घरी घ्या आणि लागा कामाला."

शाल्मलीने वर्षानुवर्षांचे हजारो मेल घरच्या लॅपटॉपवर उतरवून घेतले. झाडून सगळे. ऑफिसात एकही उरला नाही.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, वस्तू जागच्या जागी राहू द्यायची. हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

"बरं साहेब. आता नाही चुकणार."

दुसऱ्या दिवशी गॅसवर दूध होतं. ते वर आलं. शाल्मली हात मागे बांधून बघत राहिली. दूध ओट्यावर आलं, तिथून फरशीवर.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या डोळ्यांदेखत गेलं की."

"हो. सगळं बघितलं मी."

"नुसतं बघतात होय? वर यायला लागलं की गार पाण्याचा हबका मारायचा."

"बरं आई. आता नाही चुकणार."

संध्याकाळी ती मेल परत ऑफिसकडे चढवायला बसली. लॅपटॉप तापला, आतून घूं घूं करू लागला. दूधही आधी असंच करतं. शाल्मलीने हबका मारला.

नवरा, सुहृद, टॉवेलने लॅपटॉप टिपत म्हणाला, "यंत्र अडलं की बंद करायचं गं. जरा दम खाऊ द्यायचा, मग परत चालू करायचं. पहिल्यापासून नीट चालतं."

"बरं. आता नाही चुकणार."

सकाळी साहेबांचा फोन आला. "बाई, त्या मेलचं असं करा..." आणि त्यांना ठसका लागला. साहेब अडले. शाल्मलीने फोन बंद केला, जरा दम खाऊ दिला आणि परत लावला. "हं साहेब, पहिल्यापासून बोला."

साहेब पाणी पिऊन आले आणि एकेक शब्द सावकाश बोलले. "फोन तोडू नका. नीट ऐका. जी वस्तू घरीही लागते आणि ऑफिसातही लागते, ती घरी ठेवायची नाही, ऑफिसातही ठेवायची नाही. मध्ये एका जागी ठेवायची. मग दोन्हीकडून मिळते. कळलं?"

हे मात्र शाल्मलीला अगदी लख्ख कळलं.

ठरलेल्या आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. तिने विचार केला: घरी रेवाला कोण लागतं? मी. ऑफिसला कोण लागतं? मीच. रेवाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि ती निघाली. घर आणि ऑफिसच्या बरोबर मध्ये कालव्याचा पूल होता. त्याच्या कठड्यावर जाऊन बसली.

थोड्या वेळाने साहेबांचा फोन आला. "बाई, एका मेलला उत्तर जायचंय. कुठे आहात? ऑफिसात आलात का?"

"नाही साहेब."

"मग घरी आहात ना?"

"छे, तेवढी काही मी वेडी नाही."

"जमलं तुमचं घरून काम. उद्यापासून ऑफिसात या."

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "पोर रडून रडून लाल झालीय. असशील तिथून घरी ये."

दोन्हीकडून बोलावणं आलं, तेव्हा शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. जागा अचूक निवडली होती. ती कठड्यावर आणखी ऐसपैस बसली.