राखण

“आई, तुम्ही फक्त उभं राहून म्हणायचं की मारणं हे पाप आहे. यात अवघड काय आहे?”

गोदाई मठाच्या ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा विश्वंभर रणनवरे, त्यांचा जुना शिष्य. नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांनी ठाण मांडलं होतं. परवाना असलेल्या शिकाऱ्यांना बिबटे मारायची मुभा देणारा आदेश निघाला, आणि विश्वंभरने कोर्टात जाऊन तो अडवला. आता लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं ठरलं होतं. सुनावणी उद्या, तालुक्याला. मठातल्या गोदाई ज्या बाजूला उभ्या राहतील त्या बाजूला निम्मा पट्टा उभा राहील, हे त्याला ठाऊक होतं.

तो स्वतः एके काळचा नेमबाज. जनावर माणसावर उलटलं की वनखात्याकडून त्याला बोलावणं यायचं. मग त्याने बंदूक सोडली ती सोडलीच, आणि बिबट्यांसाठी भांडू लागला. दोन्हीकडचं कळणारा तालुक्यात मी एकटाच, असं तो सभांमधून सांगायचा. ते त्याला मनापासून खरंही वाटायचं.

“सकाळी बाजीराव येऊन गेला,” गोदाई म्हणाल्या.

बाजीराव इंगवले म्हणजे समोरच्या बाजूचा पुढारी. विश्वंभरच्याच वर्गातला, त्याच्याच बरोबर बंदूक धरायला शिकलेला. गेली काही वर्षं दोघं एकमेकांशी फक्त वर्तमानपत्रातून बोलत.

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, तुम्ही फक्त उभं राहून म्हणायचं की माणसाचा जीव मोठा.”

“मग तुम्ही?”

“मी म्हटलं, आधी गुरांना वैरण घाल. घरच्या बायका आता रानात जायला धजत नाहीत, म्हणत होता.”

का, ते विश्वंभरला ठाऊक होतं. बाजीरावाची धाकटी भावजय गजरा. उसाच्या कडेला हत्तीगवत कापताना बिबट्याने तिला ओढून नेलं, त्याला अजून महिनाही झाला नव्हता.

“त्यांच्याकडे गेला होतास?”

“गेलो होतो. दारातूनच परत पाठवलं.”

“मग आज त्यांच्या रानात जा. गवत कापून ये.”

“मी?”

“विळा मागच्या पडवीत आहे.”

विश्वंभरला हसू आलं. “आई, मला भीती दाखवताय? अहो, मचाणाखाली बिबट्या येऊन बसलेला पाहिलाय मी.”

“खाली तो होता,” गोदाई म्हणाल्या. “तू वर होतास.”

. . .

गवत डोक्याच्याही वर गेलं होतं. त्याला लागून ऊस. बाजीराव एकटाच कापत होता. विश्वंभरला पाहून तो सरळ झाला.

“पत्रकार कुठायत?”

“कोणी नाही. आईंनी पाठवलंय.”

बाजीरावाने त्याच्या हातातल्या विळ्याकडे पाहिलं.

“काप मग.”

विश्वंभर वाकला… आणि सगळं रान एकदम बदललं. समोर फक्त बुडखे. बाजूला काय आहे, मागे काय आहे, काही दिसेना. वाऱ्याने ऊस सळसळला की वारा संपल्यावरही तो सळसळतोय असं वाटायचं. वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटतच नाही, हे त्याने किती भाषणांतून सांगितलं होतं. आज ते त्याच्या मानेला कळलं. हातातला विळा थांबला.

त्याने मागे वळून पाहिलं.

बाजीरावाने कापणं थांबवलं होतं. विश्वंभरकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून तो उभा होता. हातात घुंगरं बांधलेली काठी. मधूनच ती आपटून तो ओरडायचा, “होऽ… होऽ…”

“तू का थांबलास?” विश्वंभरने विचारलं.

“एकाने वाकायचं तर दुसऱ्याने बघायला हवं.” बाजीराव वळला नाही. “गजरा एकटीच होती.”

“आणि बंदूक?” विश्वंभरने विचारलं.

“कपाटात आहे. तुझ्याच कृपेने.”

यावर विश्वंभरला खूप बोलता आलं असतं. तो खाली वाकला आणि कापू लागला.

भारा झाल्यावर त्याने काठी मागून घेतली. बाजीराव वाकला. त्याची मान उघडी पडली. उन्हाने काळी झालेली, वरचे केस पिकलेले. शाळेत विश्वंभर याच मानेच्या मागच्या बाकावर बसायचा. आता ती मान आपल्यावर सोपवलेली आहे, असं वाटून तो त्याच्याकडे पाठ करून उसाकडे वळला.

उसात काहीतरी हललं.

पाती बाजूला झाली, आणि त्याने दोन डोळे पाहिले. जनावर पोटावर दबलेलं, नजर वाकलेल्या बाजीरावावर… विश्वंभर बेंबीच्या देठापासून ओरडला. काठी आपटत दोन पावलं पुढे गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ते वळलं. कानांमागचे पांढरे ठिपके दिसले, आणि ऊस पुन्हा मिटला.

बाजीरावाचा विळा थांबला होता. पण तो उठला नाही. वळलाही नाही.

“गेलं का?” त्याने खालूनच विचारलं.

“गेलं.”

विळा पुन्हा चालू झाला.

. . .

दिवस कलता कलता विश्वंभर मठात परतला. हात चिरलेले होते. गोदाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“आई, माझ्या हातात बंदूक असती तर मी झाडली असती.”

गोदाई सुपातले वाल निवडत होत्या.

“आणि ती नव्हती म्हणून एक जीव आज जिवंत आहे. खरं तर दोन. नेम जरा चुकला असता तर जखमी जनावर बाजीरावावर झेपावलं असतं. इतकी वर्षं मी म्हणत आलो की दोन्हीकडचं मला कळतं…”

त्याने तांब्यातलं थोडं पाणी चिरलेल्या हातांवर ओतलं.

“तुम्ही याल ना उद्या?”

“येईन.”

“कोणाच्या बाजूने बोलाल?”

“मला बोलायला कशाला सांगतोस? मी बसेन.”

विश्वंभरने तांब्या खाली ठेवला. “बसण्याचंच अवघड आहे, आई. मध्ये लांब टेबल टाकलंय. एका बाजूला मी, समोर तो. दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं. काय करू तिथे?”

गोदाईंनी सोललेल्या वालांनी भरलेलं सूप उचललं आणि त्या आत निघाल्या. उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या.

“खुर्ची फिरवून घे, विश्वंभरा. त्याच्याकडे पाठ करून बस.”